एप्रिलमधलं ऊन

खतीबू,
एप्रिलमध्ये आपल्या लॉजच्या खोल्या भरल्या की तुझ्या होडीला नवं इंजिन येणार होतं. म्हणून दोडोमाच्या पाहुण्यांना ठोकून दिलंस, "झांझिबारला एप्रिलमध्ये लख्ख ऊन!" मोठा पाऊस मेपर्यंत हटत नाही, हे कोंबड्यांनाही कळतं, शहाण्या. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघायला आलेली त्यांची म्हातारी आई मला विचारते, "पोरी, तो निळा कधी होतो?"

त्यांना बोटीवर पोचवायला चाललेय. जुलैत वारा फार, नोव्हेंबरात पुन्हा सरी. म्हणून जानेवारीत बोलावलंय, फुकट. तेव्हा ईशान्येच्या कोरड्या कास्काझी वाऱ्यात समुद्र निवळलेला असतो. म्हातारीला माडीवरची, खिडकीतून समुद्र दिसणारी खोली कबूल केलीय.

म्हणजे तुझी. जानेवारीत तू होडीत झोपायचंस, जुन्या इंजिनाशेजारी.

नारळाचा भात झाकून ठेवलाय.
— साउमूताई