डाव्या कानाचे यंत्र

३ जून, सोमवार

नवी नोकरी, नवी वही. जागा फार आवडली. अंबत्तूरच्या कारखान्यात वर्षभर प्रेसचा दणदणाट ऐकून कान किटले होते. इथे जॉर्ज टाउनच्या गल्लीत खाली कागदाचे घाऊक दुकान, हातगाड्या, हमालांची आरडाओरड. पण जिना चढून वर आले की एकदम शांत. दोन खोल्या आहेत. खिडकीतून बंदरातल्या क्रेनची टोके दिसतात.

संस्था छोटी आहे. लोकांकडे पडून असलेली कानाची यंत्रे मागून आणायची, साफ करायची, दुरुस्त करायची आणि समुद्रापार एका बेटावरच्या गरीब कोळी वस्त्यांत पाठवायची. तिथे बहिऱ्या मुलांची एक शाळा आहे. संस्था चालवणारे सेतुमाधवराव तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू आले आणि मग माझीच लाज वाटली. 'सगळे' याला ते 'असके' म्हणतात, 'कुठे' याला 'कोठे', आणि वाक्य तमिळसारखे शेवटी वर चढते. मी बारावी पुरी केली नाही हे त्यांना सांगितले. माझे अक्षर पाहून ते म्हणाले, चालेल. पाकिटांवर मुलांची नावे लिहायची असतात, त्यात चूक नको. चूक माझ्याकडून होत नाही. शुद्धलेखनात मला शाळेत कधी लाल रेघ आली नाही. इथे राहून ते बिघडू नये, म्हणून ही रोजनिशी.

यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कामाक्षी अक्का तमिळ आहेत. मला तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. त्र्यंबक हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना. हे नाव ऐकायलाही यंत्र लागेल, असे म्हणाल्या.

संध्याकाळी निघताना मी सवयीने "येतो" म्हणालो. अक्कांनी अर्थ विचारला आणि पोट धरून हसल्या. त्यांच्याकडे "पोयिट्टु वरेन" म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. आम्ही निदान जाण्याचे कबूल तरी करतो, तुम्ही मराठी लोक ते गिळून टाकता आणि जाता जाता नुसते येता, असे म्हणाल्या. सेतुमाधवराव हसले नाहीत. काही यंत्रे गेलेल्या माणसांची असतात, त्या घरातून मुकाट्याने उठून यायचे, येतो म्हणायचे नाही, असे त्यांनी बजावले. मी म्हणालो, आमच्या येवल्यातही हेच आहे, मला ठाऊक आहे.

५ जून, बुधवार

काम शिकलो. यंत्रात बटणाएवढा सेल घालायचा आणि यंत्र मुठीत बंद करायचे. शीळ घातली तर यंत्र जिवंत. मग डॉक्टरांच्या नळीसारखी नळी लावून आवाज स्वच्छ आहे का ते ऐकायचे.

२४ तारखेला खोके बंदराकडे जाणार. त्यात सोआ नावाच्या मुलीसाठी यंत्र हवे आहे. वय सात. फोटोत ती दात पडलेली जागा जिभेने झाकून हसते आहे. उजवा कान गेलेलाच आहे, डाव्याची थोडी आशा आहे. त्या कानाचा रबरी साचा तिकडून आला आहे, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. पण डाव्या कानाचे, पुरेसे जोरदार यंत्र आपल्याकडे नाही.

मी एक यंत्र चुकीच्या ताटलीत ठेवले. अक्का म्हणाल्या, "तवरु!" नवा शब्द. तवरु म्हणजे चूक.

८ जून, शनिवार

वेलचेरीला एका घरून यंत्र आणले. नव्या इमारती, पण खालच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे. श्रीरंजनी नावाच्या बाईंनी दार उघडले. मूळच्या तंजावरच्या मराठी, पण मराठी "या, बसा" एवढ्यावरच संपले. लॅपटॉपवर कामाची बैठक चालू होती, एका कानावर हेडफोन तसाच. त्यांनी वडिलांचे डाव्या कानाचे यंत्र दिले. अगदी हवे तसे, जोरदार. उजवे कुठे आहे असे विचारले तर म्हणाल्या, "अप्पा तवरिट्टार."

म्हणजे अप्पांची चूक झाली. हरवले असणार. मी माझ्या तमिळमध्ये म्हणालो, असू द्या, या वयात होते. बाईंनी माझ्याकडे जरा विचित्र पाहिले आणि हेडफोन दुसऱ्या कानावरही चढवला.

आतल्या खोलीचे दार किलकिले होते. वेताची खुर्ची, घडी घातलेले वर्तमानपत्र, झाकण ठेवलेले स्टीलचे भांडे. म्हाताऱ्यांना यंत्रावरून बोलणी बसली असतील असे वाटून मला वाईट वाटले. म्हणून निघताना मी त्या दाराकडे तोंड करून मराठीत मोठ्याने म्हणालो, "आजोबा, मनाला लावून घेऊ नका, चुका सगळ्यांच्याच होतात. येतो हं!"

आतून आवाज आला, "ये." किती आनंदाने म्हणाले! परतताना गाडीत मला बरे वाटत होते.

१० जून, सोमवार

आजोबांच्या यंत्राने मुठीत खणखणीत शीळ घातली. मूठ उघडल्यावरही ती जरा वेळ चालू होती, हे मात्र ठीक नाही. नळी लावली तर वाळक्या काटक्या मोडल्यासारखा आवाज. अक्कांनी ऐकले आणि म्हणाल्या, काही नाही, स्वच्छ आहे, तुझेच कान तपासून घे. ही जोडीची यंत्रे असतात, असेही त्यांनी सांगितले. डावे आणि उजवे आपसात बोलतात. एकाला ऐकू आले की दुसऱ्याला कळते. जोडीदार हरवला की उरलेले त्याला शोधत बसते, नव्या नवऱ्यासारखे.

यंत्राला सोआचा साचा जोडला. तिच्या नावाचे पाकीट मी लिहिले. अक्षर चांगले आले.

१२ जून, बुधवार

सेतुमाधवरावांना त्या आजोबांबद्दल सांगत होतो की मुलीने जरा समजून घ्यायला हवे. बाई नेमके काय म्हणाल्या असे त्यांनी विचारले. मी शब्द जसाच्या तसा सांगितला. त्यांनी कॉफीचे भांडे खाली ठेवले.

तवरु म्हणजे चूक. पण माणसाबद्दल तवरिट्टार म्हणाले तर तो वारला.

त्यांचे नाव राणोजीराव. मे महिन्यात गेले. उजवे यंत्र कानातच राहिले होते, आणि ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत अग्नी दिलेला होता. अस्थी समुद्रात सोडल्या. सेतुमाधवराव त्यांना ओळखत होते. बायको गेल्यावर त्यांच्याशी मराठीत बोलणारे घरात कोणी उरले नव्हते. नातवंडांना ती भाषा कळत नसे. कोणी मराठी माणूस येणार म्हटले की ते सकाळपासून दोन्ही यंत्रे लावून खुर्चीत बसत, आणि पुन्हा कधी येणार ते वदवून घेतल्याशिवाय त्याचा हात सोडत नसत.

मग सेतुमाधवरावांनी विचारले की निघताना मी काही बोललो नाही ना.

मी नाही म्हणालो.

१५ जून, शनिवार

काटक्यांचा आवाज थांबला आहे. आता पाणी आहे. लाट येते, खडखडत मागे जाते. मी नळी काढणारच होतो, तेवढ्यात पाण्याखालून कोणी विचारले, "केव्हां?"

अक्कांना ऐकायला दिले. त्यांना काही ऐकू आले नाही. जेवलास का, असे त्यांनी विचारले आणि डब्यातला दहीभात मला दिला.

१७ जून, सोमवार

आज कांहीं झालें नाहीं. असकीं यंत्रें पुसून ठेवलीं. बरें वाटतें. तो मुलगा येईन म्हणाला आहे, येईल.

१८ जून, मंगळवार

कालचे पान आत्ता वाचले.

अक्षर माझेच आहे, पण मी असे लिहीत नाही. 'झालें', 'नाहीं' — हे अनुस्वार आजोबा-पणजोबांच्या पोथ्यांत असतात, मी ते कधीच देत नाही. 'असकीं' हा शब्द माझा नाही. आणि शेवटचे वाक्य! तो मुलगा कोण? तो तर मीच.

यंत्रातला सेल काढून ठेवला. जेवणाच्या सुट्टीत मी एकटा असताना खणातून शीळ आली. खण उघडला. सेल बाजूलाच पडलेला होता.

अक्का म्हणाल्या, शेजारचा कुकर असेल.

२० जून, गुरुवार

आज यंत्रातून त्यांनी सोआबद्दल विचारले.

ही कोणाची मुलगी, असे म्हणाले. तिचा साचा जोडलेला आहे ना, म्हणून त्यांना कळले असावे. तू येत नाहीस, तर ही येईल का? लहान आहे. दिवसभर कानाला लावून बसेल. मी हिला असके शिकवीन, मग ही माझ्याशी बोलेल, मग बोलावीन.

ऐकलेले सगळे सांगून, दुसरे यंत्र लावा म्हणून मी अक्कांच्या मागे लागलो. त्या चिडल्या. एवढे जोरदार दुसरे नाही. एक जुने आहे, त्याने तिला जेमतेम ऐकू येईल. मग त्या हसून म्हणाल्या, तंबी, तुझ्या भुताला त्या बेटावरची भाषा येते का? मराठीत बडबडेल, पोरीला काय कळणार!

मी त्यांना सांगितले की तिला कुठलीच भाषा येत नाही. तिने आजवर एक शब्द ऐकलेला नाही. जी पहिली कानावर पडेल, तीच तिची भाषा होईल.

अक्का हसायच्या थांबल्या. पण यंत्र बदलले नाही.

२२ जून, शनिवार

वेलचेरीला गेलो. यंत्र परत घ्या, असे हात जोडून सांगितले. श्रीरंजनी बाईंचे डोळे भरून आले. लहान मुलीला मिळू दे, अप्पांना आवडेल, असे म्हणत त्यांनी ते माझ्या मुठीत ठेवून मूठ मिटली. मुठीत शीळ वाजली. त्यांना ऐकू आली नाही.

मी खोलीच्या दाराकडे पाहिले. कुलूप होते. अप्पा गेले त्या दिवसापासून आहे, त्या म्हणाल्या. म्हणजे मी आलो तेव्हाही होते.

या वेळी मी काही न बोलता निघालो. जिन्यात मागून आवाज आला — बोलला नाहींस?

२३ जून, रविवार

गल्ली बंद. हमाल नाहीत, गाड्या नाहीत. खोके भरायला मी एकटा आलो. सोआच्या साच्याला जुने यंत्र लावले. राणोजीरावांचे खिशात ठेवले.

खोके बंद केले. चिकटपट्टी लावली.

खिसा रिकामा.

खोके उघडले. तिच्या पाकिटात — तिच्या साच्याला — मी नाही लावले. मी नाही.

पुन्हा काढले. पुन्हा —

पाणी फार जवळ आले आहे. क्रेनच्या अलीकडे.

येतों म्हणाला होतास ना, असे विचारतात. रागावत नाहीत. रागावले असते तर बरे.

२४ जून

गाडी खाली उभी आहे. हमाल जिन्यात.

कळले. ते खिशात राहत नाही. त्याला कान लागतो.

म्हणून राणोजीरावांचे यंत्र सोआच्या साच्याला जोडणारी नळी कापली. ते यंत्र माझ्या कानाला लावले. सोआला जुने दिले. जेमतेम ऐकेल. पण जिवंत माणसांचे ऐकेल. पाकीट पाहिले — जुनेच आहे. तसेच आहे. राहिले!

खोके गेले.

अक्कांनी विचारले, तंबी, कुठे? मी येतो म्हणणार होतो. तोंडातून जातो आले. अक्कांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर टाकला. असे म्हणू नये, परत फीर, नीट म्हण, नीट म्हण रे — जिन्यात त्यांचा आवाज. आता तो ऐकूं येत नाहीं. त्या कानानेंही नाहीं.

वाळू. ऊन आहे. लोक आहेत, मुलें पतंग उडवतात. कोणालाच —

खुर्ची पाण्यांत ठेवली आहे. वेताची. भांड्यावर झाकण.

किती आनंदानें पाहतात

हो, आजोबा, मींच तो, आलोंच, वही तेवढी ठेवतों आणि ये