एक कडं खाली

टाहलेक्वा, रविवार

प्रिय आई,

तुझा भाऊ ठणठणीत आहे. मक्याची भाकरी मागून मागून खातो. तुझा गुडघा कसा आहे?

मामाचं नवं धनुष्य मीच तासतेय, ओसेजच्या लाकडाचं. धनुष्याच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडाच्या एकाच वर्षाचं कडं राहावं लागतं, तुला माहीतच आहे. काल गाठीपाशी माझा सुरा घसरला आणि कडं कापलं गेलं. वाटलं, आता ऐकावं लागणार, "बीव्हरनेसुद्धा याहून बरं कुरतडलं असतं!" पण मामा एवढंच म्हणाला, "एक कडं खाली जा."

सगळी पाठ पुन्हा तासली. धनुष्य ओढायला फारच हलकं झालं. एका बाणाने मक्याची जास्तीत जास्त ताटं भेदायच्या शर्यतीत त्याचा काही उपयोग नाही. मामाने मात्र ते ओढून पाहिलं आणि खूश झाला. "माझ्या हाताला हेच बरं."

मग खुंटीवरचं आपलं जुनं, दणकट धनुष्य काढून माझ्या हातात दिलं. "यंदा शर्यतीत तू उतर."

"आणि तू?"

"मी ताटं मोजीन की!"

रोज सराव करतो म्हणून मामा तुला फोनवर सांगतो ना? त्या धनुष्यावर बोटभर धूळ होती.

आई, यंदा शर्यतीला ये.

तुझी,
ओलेटा