कॅमेऱ्याचा दसरा

मालवण, ३ नोव्हेंबर १९५८

ती. आक्कास दत्तारामाचा सा. न. वि. वि.

परळहून तुझ्या डॉक्टरांचं पत्र आलं. दसऱ्यानंतर तिथे येऊन काढलेल्या माझ्या डोळ्याच्या आतल्या फोटोत डाग निघालाय, बारीक शिवण बंद करा म्हणतात. रविवारी शिलाई मशीन चुलतभाऊ रामूला देऊन टाकतो. आमचा कॅमेरा खोटं बोलत नाही, असं तूच ऐकवलं होतंस.

माया आहे ती राहू दे.
दत्ताराम

परळ, ७ नोव्हेंबर १९५८

चि. दत्तूस अ. आ. वि. वि.

तार पोचली असेल: डाग माझा, मशीन देऊ नको. आता ऐक, आणि हसलास तर कान पिळीन.

इथे तीन इस्पितळांत मिळून एकच कॅमेरा, वार वाटून घेतलेत. सांभाळतो जयवंत, पुसते मी. दसऱ्याला जयवंत संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेला. ह्यांच्या मिलमध्ये मागालासुद्धा कुंकू लावतात, मग ह्या बिचाऱ्यानेच काय पाप केलं? पुढची गोल काच म्हणजे कपाळ समजले. कुंकू टिकावं म्हणून आधी मेण लावलं! मग लाल फार दिसायला लागलं, तर पदराने पुसलं. कुंकू गेलं, मेण राहिलं. अक्कल आधीच गेली होती.

त्यानंतर जो येईल त्याच्या डोळ्यात डाग. काल तिन्ही इस्पितळांचे डॉक्टर फोटो मांडून बसले. एक म्हणे नळाच्या पाण्याने, दुसरा म्हणे मिलच्या कापसाने, पण आजार नवाच. चहा ठेवताना बघते तर सगळ्यांचा डाग एकाच जागी. तुझं पत्र कमरेला खोचलेलं, तेच टोचायला लागलं. मोठे डॉक्टर जयवंतवर ओरडले, तशी सांगून टाकलं, की त्याला सोडा, हा आजार माझ्या कुंकवाच्या बोटाचा आहे.

नोकरी गेलीच म्हणून डबा बांधून उभी राहिले. तर डॉक्टर एवढे हसले की चहा सांडला. तोही मीच पुसला. काच जयवंतने साफ केली, नवे फोटो स्वच्छ आले. दिवाळी झाली की तुझा नंबर लावलाय. ये.

रागावलास तरी आक्काच म्हण.
सुभद्रा

मालवण, २९ नोव्हेंबर १९५८

ती. आक्कास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. फोटो स्वच्छ निघाला, नुसत्या चष्म्यावर भागलं, हे वाडीत कुणाला पटत नाही. तुझी तार पोस्टमनने सगळ्यांना वाचून दाखवली होती. लोक अजून तुझ्या डागाची चौकशी करतात. रामू मात्र माझ्याशी बोलत नाही.

नव्या चष्म्याने पहिलं शिवलं ते सोबत पाठवतोय. कॅमेऱ्याची खोळ आहे. वरच्या बाजूला लाल दोऱ्याने गोल भरलाय. पुढच्या दसऱ्याला कुंकू तिथे लाव. हवं तर मेणसुद्धा.

आहेस तशीच ओरडत राहा.
तुझा दत्तू