अर्धं जावळ मामाच्या वाटणीचं

बोरिवली,
चैत्र वद्य, १९५७

तीर्थस्वरूप विद्याधरदादा यांस,

श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे केवळ लिहिण्यापुरतं नाही. हे पत्र मी खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे. तुमचा भाचा चि. चंद्रप्रकाश टेबलाचा पाय धरून उभा राहायला शिकल्यापासून आमचं टेबल लिहिण्याच्या कामातून गेलं आहे. काल दौत सांडली, तिच्या खुणा त्याच्या पोटावर अजून आहेत.) इकडे सर्व क्षेम आहे. चिखलदऱ्याच्या हवेत तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. तुमच्या जंगलातल्या अस्वलांनाही आमचा नमस्कार सांगावा. तुम्ही रेंजरसाहेब त्यांना भीत नाही, त्यामुळे त्यांचीच प्रकृती नाजूक असण्याचा संभव आहे.

तुमचं कार्ड पोचलं. रजा मिळणं कठीण दिसतं, सबब जावळाला तिथलाच कोणी मामा बसवावा, मांडी कोणाची का असेना, केस तेच, असं तुम्ही लिहिलंत. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायची आमच्या घरात रीत नाही. तेव्हा आज्ञेप्रमाणे गेल्या रविवारी चंदूचं जावळ केलं. म्हणजे अर्धं केलं. अर्धं डोकं गुळगुळीत आणि अर्ध्यावर जन्मापासूनचं रान, अशा थाटात तो या घटकेला माझ्या पाठीवर बसला आहे. हे असं का झालं ते सविस्तर कळवावं म्हणून हा पत्रप्रपंच.

पण आधी तुमच्या बहिणीविषयी चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. लग्नात तुम्ही मला बाजूला घेऊन बजावलं होतं, कुंदा फार हळवी आहे, तिला जपा. दादा, तुमची काहीतरी चूक झालेली आहे. ती हळवी मुलगी कुठे गेली ते मला ठाऊक नाही. इथे आहे ती बाई पाय लांब करून, तेलाने माशासारखं बुळबुळीत झालेलं पोर पायांवर घेऊन एका हाताने पालथं करते, दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर पाणी सोडते आणि तोंडाने माझ्या सदऱ्याची गुंडी कुठे पडली आहे ते मला सांगते. चंदू रडायला लागला की मला नुसतं रडणं ऐकू येतं. तिला मात्र त्यात भूक, मुंगी, पोटातला वारा आणि नुसता लबाडपणा असं सगळं वेगवेगळं कळतं, आणि तिचा अंदाज चुकलेला मी वर्षात पाहिला नाही. विहिरीचं पाणी शेंदून आणणं, दुपटी उकळणं, माझा डबा, पोराचा भात, हे सगळं करून संध्याकाळी मी स्टेशनावरून येतो तेव्हा ओट्यावर उभी असते ती न्हाऊन-माखून, पोराला काजळ घालून. मी एक दिवस म्हटलं, तू हे कसं करतेस? तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. (तिच्या डाव्या भुवईतली ती जुनी खाच वर चढली म्हणजे आपली बाजू हरली, एवढं मी या दोन वर्षांत शिकलो आहे.)

माझ्या कर्तबगारीचाही एक नमुना देतो. माघात कुंदा तापाने पडली आणि बाळगुटी उगाळायचं काम माझ्याकडे आलं. तिने अंथरुणातूनच सांगितलं, मुरुडशेंगेचे इतके वेढे, हळकुंडाचे इतके, वेखंडाचे इतके, जायफळाचा एकच. मी पदवीधर माणूस. सगळं नीट ध्यानात ठेवलं. फक्त सहाणेवर कोणती मुळी कोणती एवढंच ध्यानात राहिलं नाही, आणि जायफळाच्या वाट्याला हळकुंडाचे वेढे गेले. चंदूने गुटी मिटक्या मारत चाटली आणि तो झोपला. दुपार झाली, झोपलेला. चहा झाला, झोपलेला. मी त्याच्या नाकाशी सूत धरून बसलो. आमचे घरमालक अण्णा येऊन पाहून गेले आणि मान हलवून गेले, ती मान पाहून माझं उरलंसुरलं अवसान गळालं. शेवटी कुंदा भिंत धरून उठून आली, पोराच्या छातीवर तळहात ठेवून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "छान झोपलाय. तुम्हीपण जरा पडा." दिवेलागणीला साहेब जागे झाले आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने भात मागू लागले. अंगात ताप असताना ती मला रागावली नाही, हे मी जन्मभर विसरणार नाही.

तर मूळ मुद्दा मामाचा. चंदूला मामा म्हणून आजवर एकटा चांदोबाच ठाऊक आहे. तोही तुमच्यासारखाच लांब राहतो आणि खाली उतरत नाही. तुम्ही बारशाला आलात ते आठवतं ना? एवढा वाघासारखा माणूस, पण सबंध दिवस हात पाठीमागे बांधून दारातच उभे होतात. बायकांनी दोनदा पोर पुढे केलं, तर तुम्हाला दोन्ही वेळा एकाएकी विहिरीवर हातपाय धुवायची आठवण झाली. उष्टावणाला तर आलाच नाहीत. चांदीची वाटी पोस्टाने आली, चमचा आला, खीर भरवणारा हात तेवढा पार्सलात मावला नसावा. जंगलखात्याच्या माणसाला शिस्त असते, असं मी शेजारीपाजारी सांगत सुटलो.

म्हणून तुमचं कार्ड आल्यावर मी उत्साहाने बदली मामा शोधायला लागलो. फार शोधावं लागलं नाही. आमच्या शेजारचा दत्ताराम, मालवणकडचा, गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांचा मुकादम आहे. कुंदा त्याला भाऊबीजेला ओवाळते. छाती केवढी, मिशी केवढी! त्याला नुसतं विचारायचा अवकाश, "मी आसंय मा! कित्याक काळजी करतंस गो बाय?" म्हणून त्याने त्याच दिवशी नवं धोतर काढलं. धाकू न्हाव्याला सांगितलं. रविवारी सकाळी ओट्यावर पाट मांडला, रांगोळी काढली. दत्ताराम पूर्वेकडे तोंड करून मांडी घालून बसला, आणि चंदूला त्याच्या मांडीवर दिलं. पोर रडेल म्हणून मी खुळखुळा, बत्तासा, घरातली घंटा अशी जय्यत तयारी ठेवली होती. पण पठ्ठ्या रडला नाही. धाकूने पाणी लावलं, वस्तरा चालवला, आणि हा आपला दत्तारामची मिशी दोन्ही मुठींत धरून शांत बसलेला. डोळ्यांतून पाणी आलं ते दत्तारामच्या. माझा मुलगा म्हणून सांगत नाही, पण असं धैर्य मी मोठमोठ्या माणसांत पाहिलेलं नाही.

उजवी बाजू झाली. धाकूने वस्तरा पुसला, डावीकडे वळला, आणि तेवढ्यात कुंदा म्हणाली, "थांबा."

सगळे थांबले. हातात ओवाळणीचं तबक घेऊन ती उभी होती आणि निरांजनाचा धूर लागल्यासारखी डोळे पुसत होती. निरांजन अजून लावायचं होतं. उरलेलं दादा आल्यावर, एवढंच ती म्हणाली. धाकू चिडला. अर्ध्या डोक्यावरून हात काढला तर धंद्यात आपलं नाक राहील का, म्हणू लागला. मी दत्तारामकडे पाहिलं. बिचाऱ्याला वाईट वाटायचं! पण तो पोराच्या मुठीतून मिशी सोडवत म्हणाला, "बरां झाला. पोर माझ्या मांडयेर होता, पण बायचे डोळे सकाळधरून रस्त्यार होते." आणि धाकूला स्वतःच्या ओट्यावर चहाला घेऊन गेला. दादा, अशी माणसं शेजारी आहेत म्हणून आमचं इथे बरं चाललं आहे.

तेव्हापासून चंदू गावात प्रसिद्ध आहे. उजवीकडून येणारा म्हणतो, काय गुटगुटीत मुलगा, आणि डावीकडून येणारा विचारतो, मुलीचं नाव काय ठेवलं. स्टेशनाजवळ टांग्यातल्या एका म्हातारीने खरूज समजून कडुलिंबाचा लेप सांगितला आणि आमच्याकडून वचन घेतल्याशिवाय टांगा हलू दिला नाही. कुंदा कुंची घालते, तो ती फेकतो, आणि फेकली की आनंदाने टाळ्या पिटतो. अण्णांनी अर्धं जावळ अशुभ असल्याचं दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा चंदू त्यांच्या धोतराला धरून उभा राहिला आणि त्यांच्याकडे पाहून हसला. आता ते म्हणतात, काही कुळांत अशी चाल असते.

फार लिहिलं. चुकलंमाकलं पदरात घ्यावं. धाकट्यांवर लोभ आहेच, तो दुरून दिसत नाही एवढंच.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. तुमच्या रजेची अडचण मी समजू शकतो. आम्हाला मुळीच घाई नाही. केस काय, वाढतच असतात. फक्त उजवी बाजूही आता वाढू लागली आहे.

ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. वाढदिवस अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आहे. वर्षाच्या आत जावळ व्हायला हवं, आणि ते तुमच्याच मांडीवर व्हावं. येताना मध, डिंक, काही आणू नका. हात मोकळे ठेवून या.

ता. क. हे पत्र कुंदाला दाखवलेलं नाही.

दादा, हे खालचं माझं. पत्र दाखवलं नाही म्हणतात, पण पाकीट चिकटवायला खळ माझ्याकडेच मागितली. वाचून काढलं सगळं. बरंचसं खरं आहे. एक मात्र साफ खोटं. "थांबा" मी म्हटलंच नाही. मी आपली मुकाट तबक धरून उभी होते. यांनीच माझ्याकडे एकदा पाहिलं, उडी मारून धाकूचा हात धरला आणि त्याला म्हणाले, राहू दे, हिचा दादा यायचाय. वस्तरा होता रे त्याच्या हातात! यांचं बोट कापलंय, म्हणून अक्षर असं आलंय. ते काही यांनी लिहिलं नाही.

आणि तुझी रजा मला ठाऊक आहे. आई जायच्या आधी मला सांगून गेली. तू दहा वर्षांचा होतास, मी तान्ही, आणि तुझ्या हातून मी ओट्यावरून खाली पडले. तेव्हापासून तू कुणाचं पोर हातात घेतलं नाहीस. पण ती पुढचंही सांगून गेली. ती बाहेर येईपर्यंत तू मला उचलून डॉक्टरांच्या दारापर्यंत धावत पोचला होतास, आणि टाके घालताना माझ्यापेक्षा तूच जास्त रडलास. भुवईतल्या त्या खाचेला आज सगळे भितात, माझं काही बिघडलेलं नाही.

चंदू माझ्या हातून दोनदा पडलाय आणि यांच्या हातून एकदा, तांदळाच्या पोत्यावर. तेही यांनी लिहिलं नाही. सगळ्यांच्या हातून पडतात रे मुलं.

ये. तू नुसती मांडी घालून बस. त्याला धरून मी बसते.

कुंदा