शाळेपुढच्या देवाचा बोकड

गुरुजी, माझी नात पर्यावरणशास्त्र शिकते आहे. काल तिच्या पुस्तकात 'मानवी वर्तन आणि पर्यावरण' असा धडा दिसला आणि मी मोठ्यानं हसलो. ती म्हणाली, "आजोबा, यात हसण्यासारखं काय आहे?" काय सांगणार तिला? त्या पानावर मला बोकड दिसत होता. तुम्ही गेल्यापासून त्याला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून म्हटलं तुम्हालाच लिहावं.

चौसष्ट-पासष्टचा सुमार असेल. जत तालुक्यातली ती दोन खोल्यांची शाळा, तुम्ही हेडमास्तर आणि तुमच्या हाताखाली मी एकटा. तुम्ही साताऱ्याकडचे, मी सांगलीचा, दोघंही कृष्णेचं पाणी प्यालेले. मी पोरांना नदीची कविता शिकवायचो. 'खळाळत' म्हणताना माझे डोळे आपोआप मिटायचे आणि उघडले की समोर चाळीस पोरं, मास्तरांना झोप लागली की काय, अशा काळजीनं बघत असायची. नदी त्यांनी पाहिलीच नव्हती. तुम्ही मात्र पोरांना विहिरीवर न्यायचात, गाठी मारलेली दोरी आत सोडायचात आणि पाणी किती हात खाली गेलं ते त्यांच्याकडूनच मोजून घ्यायचात. मला तेव्हा ते फार रुक्ष वाटे.

तुमचं वेड एकच, शाळेपुढं सावली हवी. वीस कडुलिंब लावले होते. प्रत्येक वर्गाला झाडं वाटून दिली होती. पोरं घरून तांब्या-तांब्या पाणी आणून घालत, आणि गावातल्या शेळ्या येऊन शेंडे खुडून जात. काट्या लावाव्यात तर त्या कुणाच्या तरी चुलीत जात. तुम्ही चावडीवर जाऊन झाडं आणि पाऊस यांचं नातं समजावून सांगायचात. लोक माना डोलवायचे. "व्हय व्हय गुरुजी, झाडं पायजेतच," असं सगळ्यांत मोठ्यानं म्हणणाऱ्याचीच शेळी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर.

मी ठरवलं, माणसाला समजावण्यात अर्थ नाही, त्याला भ्यायला लावलं पाहिजे. एका रविवारी तुम्ही जतला गेला होता. मी ओढ्यातून एक गोल दगड उचलून आणला, तेलात शेंदूर कालवून त्याला फासला आणि पहिल्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवला. सोमवारी तुम्ही आधी दगडाकडे पाहिलंत, मग माझ्या नखांकडे. "मास्तर, हात धुऊन या," एवढंच म्हणालात.

पण गुरुजी, पंधरा दिवस एक शेळी फिरकली नाही! लोक आपली जनावरं लांबून वळवून न्यायला लागले. झाडांना नवी पालवी फुटली. मी तर तिच्यावर कविताही केली.

मग एका मंगळवारी शाळेमागची म्हातारी आली. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत होता आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. तिच्या हाताशी एक काळाभोर बोकड, कपाळावर हळदीकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. दगडाला नमस्कार करून तिनं दाव्याची गाठ सोडली. "माझं लेकरू सुखरूप घरला यिऊ दे रं द्येवा," म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली. देवाच्या नावानं सोडलेला बोकड! त्याला बांधायचं नाही, हाकलायचं नाही, काठी उगारायची तर गोष्टच सोडा. आणि देवाचा बोकड राहणार कुठं? देवापाशीच. आठ दिवसांत अकरा कडुलिंब साफ. मला अजून दिसतंय, मधल्या सुट्टीत एक पोर धापा टाकत येतंय, "गुरुजी, देवाच्या बोकडानं चौथीचं झाड खाल्लं! आता तिसरीच्या झाडाकडं बघतोय!"

त्या दिवशी तुम्ही मला रागावलात, आवाज न चढवता. "मास्तर, तुम्ही माणसाला भीती घातलीत. भ्यालेला माणूस काय करेल, ते तुम्हाला आधी कसं कळणार? झाडं गेली तर पुन्हा लावू. पण त्या बाईनं आपला जीव तुमच्या दगडापाशी ठेवलाय. तिला सांगायला हवं. चला, मी येतो बरोबर."

शाळेपासून तिच्या घरापर्यंतची ती शंभर पावलं मला जन्मभर पुरली. मुलाची वाट बघणाऱ्या बाईला सांगायचं, तुझा नवस खोटा आहे! ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत, पण तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. तिनं ती उलटली, काळी बाजू बघितली आणि मग माझ्याकडं बघितलं.

"आवं मास्तर, दगड तुमी ठिवला म्हंता? मग ठिवा की. कुठला द्येव आपल्या पायानं चालत आलाय? कुनीतरी ठिवल्यालाच असतोय. म्या बोकड सोडला तो माझ्या पोरासाठी. सोडल्यालं मागं घेत न्हाईत." मग ती तुमच्याकडं वळली. "आन् गुरुजी, तुमी तरी! येवढं शिकल्यालं मानूस, आन् शेळ्यांच्या गावात लिंब लावताय? लिंबाचा पाला म्हंजे शेळीला पेढा. करंज लावा की! त्याला त्वांड लावत न्हाई ती. भवतीनं काट्याची घायपात लावा."

तुम्ही दाराच्या चौकटीला धरून उभे. "आजी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कवा? चावडीवर निस्तं सांगतच व्हता की!"

परतताना तुम्ही इतके हसलात, इतके हसलात, की चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसावे लागले. मग करंज आले, घायपात आली, आणि त्यानंतर चावडीवर तुम्ही आधी विचारायला लागलात. गेल्या वर्षी मी मुद्दाम जाऊन आलो. पाण्याचा टँकर त्या करंजांच्या सावलीत उभा होता आणि घागरी घेतलेल्या बाया तिथंच बसून एकमेकींची थट्टा करत होत्या. पाणी अजून कुठं धड आलेलं नाही, गुरुजी, पण वाट बघायला सावली आहे.

पत्ता असता तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं. तुम्ही दगड ओढ्यात सोडून यायला सांगितलंत आणि मी सोडून आलो म्हणालो. सोडला नव्हता. माझ्या खोलीमागं ठेवला होता. तिसरा महिना लागला तरी म्हातारीच्या पोराचं पत्र आलं नाही. गावचं टपाल शाळेतच यायचं, म्हणून ती रोज दारात येऊन विचारी, "मास्तर, हाय का कायी?" एका दुपारी तुम्ही आत चौथीला ढग कसे तयार होतात ते शिकवत होता. मी खोलीमागं गेलो आणि मीच शेंदूर फासलेल्या त्या दगडापुढं नारळ फोडला. डोळे मिटून, नीट हात जोडले. पत्र पुढच्या आठवड्यात आलं, पोरगाही रजेवर आला, पण ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. डोळे उघडले तेव्हा खोबरं बोकड खात होता, आणि मी त्याला हाकललं नाही.