रोज रात्री एक गोळी

१२ जून १९९६
शहरात कुटुंबनियोजन समुपदेशनाचं ट्रेनिंग. खास आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांसाठी. पहिला तास हार, भाषणं आणि माहिती-पुस्तिकेचं वाटप. दुसऱ्या तासाला प्रोजेक्टर बिघडला. तिसऱ्यात प्रश्नोत्तरं होती, पण जेवणाची लाइन वाढणार म्हणून मी आधीच उठलो. श्रीखंड उत्तम. सर्टिफिकेट मिळालं. आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीत ट्रेन्ड डॉक्टर आता मी एकटाच.

१३ जून
सर्टिफिकेट फ्रेम केलं. संकल्प: वर्षात शंभर बायकांचं समुपदेशन.

१७ जून, दुपार
पहिली केस. भागीरथी, नंदुरबारकडची. नवरा धुडकू लूमवर कापड विणतो. तिसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की मोठ्या दवाखान्यात सांगितलं, चौथं झेपणार नाही. ऑपरेशनला सासू नाही म्हणते. गोळ्यांचं पाकीट दिलं. रोज रात्री एक, म्हणालो. तिला संकोच नको म्हणून नजर कॅलेंडरवर ठेवली. दीड मिनिटात काम फत्ते. तिने एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे सगळं समजलं.

२ जुलै
समुपदेशन अजून एकच. सध्या सर्दी-तापाची गर्दी. पावसाळा संपला की जोर लावायचा.

१८ जुलै
दुसरं पाकीट न्यायला भागीरथी आली नाही. निरोप धाडावा का? नको. डॉक्टर पेशंटच्या मागे लागलाय असं दिसतं.

११ सप्टेंबर, दुपार
भागीरथी आली. दिवस गेलेत, अडीच महिने. चिडून विचारलं, गोळ्या घेतल्या नाहीत का. घेतल्या, म्हणाली. धुडकूची लूमवरची पाळी दर आठवड्याला बदलते. "ते रातपाळीले ऱ्हातस तवय गोई कसाले वाया घालू?" तो घरी असेल त्या रात्री मात्र एकही चुकवली नाही. उरलेल्या गोळ्या पदराच्या गाठीतून काढून दाखवल्या.

चूक पेशंटचीच. इथे निम्मी वस्ती रातपाळीला असते हे मला माहीत आहे. दवाखान्याची वेळसुद्धा मी पाळी सुटण्यावर ठेवलीय. पण गोळी देताना ते कोणाच्या डोक्यात येतं?

मग विचारलं तिने, उरलेल्या आता खाल्ल्या तर चालतील का, आणि मी वाचेन ना. मी कॅलेंडरकडे बघितलं. पुस्तिका बघून सांगतो म्हणालो.

दुपारी चार
पुस्तिका सापडली. ट्रेनिंगच्या दिवशी श्रीखंडाच्या वाटीखाली धरली होती. पानं एकमेकांना चिकटलीत, सोडवायला गेलं की फाटतात. भागीरथी अजून बाहेर बाकावर बसून आहे.