दोन तांबे पाणी

प्रिय बाबा,

आज दुपारी तुमची पेटी उघडली आणि त्या ग्रीक म्हाताऱ्याचं पुस्तक हाताला लागलं. उभ्याउभ्याच वाचत राहिले, ऊन ओसरीवरून अंगणात गेलं तरी कळलं नाही. शेवटची पानं वाचली आणि लिहायला बसले. तुमच्याशी भांडायचं आहे मला!

अमरावतीच्या कॉलेजात तुम्ही फाटकी पुस्तकं शिवायचे आणि शिवताशिवता वाचायचे. हे पुस्तक इतकं जीर्ण झालं होतं, की कॉलेजनं टाकूनच दिलं. तुम्ही खळ लावून ते घरी बांधलंत. मग रोज जेवताना तोच म्हातारा! बाजारात लोकांना अडवून प्रश्न विचारणारा, भल्याभल्यांची बोलती बंद करणारा, आणि त्यापायी विषाचा पेला प्यावा लागलेला.

मी अथेन्स कुठे पाहिलं होतं? माझ्या डोळ्यांपुढे अंजनगाव सुर्जीचा बाजार यायचा. विड्याच्या पानांच्या टोपल्यांपाशी तो अनवाणी उभा, धोतर नेसलेला, आणि चक्क वऱ्हाडी बोलणारा. अजूनही दुपारी डोळा लागला की येतो. हल्ली त्याच्या शेजारी तुम्ही बसलेले असता, सुईत दोरा ओवत.

"मरनाले कायले भ्याचं, कुसुमे?" तुम्ही म्हणायचे. "झोप लागली त लागली. नाई त तिकडं बी कोनी बोलाले भेटनच! फक्त आपल्यापाई कोनाले तरास नाई झाला पाह्यजे."

महाराष्ट्र राज्य झालं त्या हिवाळ्यात तुम्ही आजारी पडलात, म्हणून मी माहेरी आले. आई तर कधीच गेलेली. एका सकाळी उठून पाहते तो काय, तुम्ही न्हाणीतून ओलेत्यानं बाहेर येत होता, थंडीनं कुडकुडत! केवढी ओरडले मी.

"तापात थंड्या पान्यानं आंघोळ? काहून केली? तुमाले समजते का नाई, बाबा?"

"जाऊ दे माय," तुम्ही हसलात. "तुयं एक काम कमी झालं."

मला वाटलं, पाणी तापवायचं काम. रागानं दिवसभर धड बोललेही नाही. संध्याकाळी तुम्ही गेलात.

शेजारची काकू म्हणाली, "न्हाऊ घालाले पानी तापवलं का वं?" मी सुन्न होते. तोंडातून निघून गेलं, "त्यायची आंघोळ सकाळीच झाली." दिवस मावळत होता, लोक घाईत होते. दोन तांबे पाणी शिंपडलं आणि तुम्हाला उचललं.

आज शेवटच्या पानात तुमच्या शिवणीचा दोरा खुणेला ठेवलेला दिसला. तिथे लिहिलंय, की विष पिण्याआधी तो म्हातारा स्वतःच आंघोळ करून आला. मागे बायकांना प्रेत धुवायचा त्रास नको म्हणून! ही गोष्ट मात्र तुम्ही मला कधीच सांगितली नाहीत. का, बाबा?

त्रास? तुम्ही मला लहानपणी मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंत, तो तुम्हाला त्रास होता का? तेवढं एकच फेडणं माझ्या हातात होतं. तुमच्या त्या शहाण्या म्हाताऱ्याला हे कुणी सांगितलं नाही का? आता भेटला असेल तर विचारा त्याला!

तुमचं बाकी सगळं ऐकेन मी. खरं बोलेन, मरणाला भिणार नाही. पण माझी वेळ आली की त्या सकाळी मी पारोशीच राहीन. ते पाणी माझ्या लेकीसाठी, शालूसाठी ठेवीन.

तुमचीच,
कुसुम